सड्यावरची सायकलवाट : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस ते पूर्णगड या पट्ट्यात समुद्राला लागून जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचे सपाट पठार, आहे. त्याच्या माथ्यावरून खालच्या वाडीपर्यंत उतरणारी आणि वाडीच्या मागून दुसऱ्या अंगाने पुन्हा सड्यावर चढणारी, माउंटन बाइकसाठीची एक फेरवाट तयार करायची, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. सड्याची जमीन सामाईक असल्यामुळे सातबाऱ्यावर नावांची लांबलचक यादी आहे आणि त्यातली बरीच मंडळी मुंबई-ठाण्यात असतात. म्हणून संमतिपत्रांवरच्या सह्या गणपतीला सगळे गावी आले तेव्हाच घेऊन ठेवल्या होत्या. ग्रामपंचायतीचा ठराव त्यानंतर झाला. ठरावात दोन अटी आहेत: गुरांच्या जुन्या वाटा अडवायच्या नाहीत आणि देवराईच्या हद्दीतून चाक न्यायचे नाही. या अटी घातल्या नसत्या तरी आम्ही त्या पाळल्याच असत्या.

आज माथ्यावरून खालपर्यंत पहिली पाहणी केली. वाडीतून सड्यावर येणारी जुनी घाटी उताराच्या थेट रेषेत आहे. डोक्यावर भारा घेऊन कमीत कमी पावलांत वर पोचायचे असेल तर ती रेषा योग्यच आहे, आणि जिथे पाखाडीचे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचे, चिरे शाबूत आहेत तिथे घाटी आजही उत्तम स्थितीत आहे. जिथे चिरे निखळले, तिथे मात्र पावसाने तिचा ओहोळ करून टाकला असून काही ठिकाणी तो गुडघ्याएवढा खोल झाला आहे. अशा रेषेवर सायकलची चाके फिरू लागली आणि ब्रेक लावून मागची चाके घसरू लागली, तर दोन पावसाळ्यांत उरलेली मातीही वाहून जाईल. म्हणून घाटीला हात न लावता वाट पूर्णपणे नव्या रेषेवर आखायची, हा पहिला निर्णय आज झाला.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या वहीत वाटेच्या आणि सायकलींच्या नोंदी एकत्रच लिहायच्या असे ठरवले आहे, कारण या किनाऱ्यावर दोन्हींची दुखणी एकाच कारणाने सुरू होतात: पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते.

१ डिसेंबर २०२४

आखणी सुरू केली. सर्वांत आधी कातळाचा उघडा भाग पायी फिरून तपासला. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत; काशेळीचा हत्ती अनेकांनी पाहिलेला असतो, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. आमच्या सड्याच्या या तुकड्यावर शिल्प असल्याचे गावात कोणी सांगत नाही, परंतु गवताखाली आणि मातीच्या पातळ थराखाली ती झाकली जातात, हे लक्षात घेऊन सपाट कातळाचा मधला पट्टा पूर्ण सोडला आहे. तिथे पावसाळ्यात पाण्याची उथळ डबकी साचतात आणि त्यांत सीतेची आसवे ही रानफुले फुलतात. चाक तिथे नकोच. वाट सड्याच्या कडेकडेने, जिथे गुरांच्या पायांनी जमीन आधीच मळलेली आहे, तिथूनच जाईल.

उतरणीच्या आखणीसाठी वाटा बांधणाऱ्यांमध्ये जगभर पाळला जाणारा नियम वापरला: डोंगराच्या बाजूचा उतार जितका असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला द्यायचा नाही, आणि एकंदर सरासरी दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने या नियमाचा पुष्कळ प्रसार केला. त्यामागचे कारण सोपे आहे. वाट उताराच्या रेषेला जितकी समांतर, तितके पाणी वाटेवरूनच धावते. वाट उताराला आडवी असेल तर पाणी तिला ओलांडून पुढे निघून जाते. आमच्या बाजूचा उतार सुमारे तीस टक्के आहे, म्हणजे निम्म्याच्या नियमाने पंधरा टक्क्यांपर्यंत मुभा मिळते आणि सरासरीच्या नियमाने दहापर्यंत. इथला पाऊस लक्षात घेता आम्ही सात टक्केच धरले. सड्याच्या माथ्यापासून वाडीपर्यंतची उंची ८० मीटर आहे. ती सात टक्क्यांनी उतरायला साधारण ११५० मीटर लांबीची वाट लागते, तर घाटी तेवढीच उंची पावणेतीनशे मीटरांत उतरते. लांबी चौपटीहून अधिक झाली, याचे मला समाधान आहे, कारण सायकल चालवण्याचा आनंद त्या लांबीतच आहे.

मोजणीसाठी गवंडी जोत्याची पातळी काढायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली. दोन खुंट्या दहा मीटरांवर, पुढची सत्तर सेंटिमीटर खाली. मोबाइलमधल्या उतारमापकाचे आकडे झाडीत वरखाली होतात. नळीतले पाणी मात्र दर वेळी तीच पातळी दाखवते. प्रत्येक खुंटीला चुन्याचे बोट लावले.

दर बारा-पंधरा मीटरांवर वाटेला एक छोटा उलटा चढ ठेवला आहे, म्हणजे वाट थोडी खाली जाऊन पुन्हा हातभर वर येते आणि त्या खोलगट जागेतून पाणी दरीच्या बाजूला सोडले जाते. सायकलस्वाराला तो हेलकावा सुखद वाटतो, पण त्याचे खरे काम पाणी बाहेर काढण्याचे आहे.

२२ डिसेंबर २०२४

आज सायकलींची मांडणी केली. आमच्याकडे पुढे १२० मिलिमीटर दबणारा हवेचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के झेलणारा दुभागी भाग) असलेल्या, मागे शॉक नसलेल्या तीन सायकली आहेत आणि दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली एक. सगळ्यांची चाके २९ इंची, म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. टायर मागवताना हा आकडाच पाहावा, असा माझा आग्रह असतो, कारण इंचांची नावे निरनिराळ्या मापांना दिली गेली आहेत आणि जुन्या २६ इंची माउंटन बाइकचे ५५९, २७.५ इंचीचे ५८४ असा नेमका फरक फक्त मिलिमीटरांतच कळतो.

फोर्कची हवा ठरवण्यासाठी स्वार नेहमीच्या पिशवीसह आणि भरलेल्या पाण्याच्या बाटलीसह पेडलवर उभा राहिला पाहिजे. सीटवर बसून घेतलेले माप उतरणीवर उपयोगी पडत नाही. फोर्कच्या चकचकीत नळीवरचे रबरी कडे खाली सरकवायचे, हळूच उभे राहायचे, हळूच उतरायचे आणि कडे किती वर सरकले ते मोजायचे. ते १२० च्या वीस टक्के, म्हणजे २४ मिलिमीटर, सरकायला हवे. हवा भरल्यावर फोर्क आठ-दहा वेळा पूर्ण दाबणे आवश्यक आहे, कारण आतल्या दोन कप्प्यांमध्ये हवा समान झाल्याखेरीज गेजवरचा आकडा खरा नसतो. परत येण्याचा वेग, म्हणजे रिबाउंड, आम्ही थोडा जलद ठेवला आहे: जांभ्याच्या कातळावर लहान खळगे एकामागून एक येतात आणि फोर्क सावकाश परतणारा असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या खळग्याला अर्धा दबलेलाच राहतो.

सत्तर किलोच्या स्वारासाठी पुढच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये २२ आणि मागच्यात २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवले. हवा सावलीत भरायची आणि निघण्यापूर्वी पुन्हा पाहायची. सकाळी २० अंशांत २४ पीएसआय भरलेला टायर ३५ अंशांच्या उन्हात साधारण २६ दाखवतो, आणि उघड्या कातळावर दोन पीएसआयचा फरक हाताला स्पष्ट जाणवतो.

प्रत्येक बोल्ट बाहेर काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवला. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या जोडाचे) बोल्ट ५ न्यूटन-मीटरला आवळले, रोटरचे (ब्रेकच्या चकतीचे) सहा बोल्ट सुमारे ६ ला. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम पोलादी असलेल्या सायकलीत सांध्यावर ग्रीसचा जाड थर दिला, कारण खारट ओल मिळाली की या दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पोस्ट फ्रेममध्येच अडकून बसतो. समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवर ठेवलेल्या सायकलीच्या बाबतीत हा धोका कायमच असतो. स्पोकच्या निपलसाठीही (स्पोक रिमला ताणून धरणाऱ्या लहान नटांसाठीही) आम्ही पितळच निवडले आहे. ॲल्युमिनियमचे निपल वजनाला हलके असतात, पण खाऱ्या हवेत ते पांढरे पडून स्पोकला चिकटतात आणि चाक सरळ करायला गेले की फुटतात.

१२ जानेवारी २०२५

खोदाई निम्म्यावर आली आहे. वाटेची रुंदी ९० सेंटिमीटर ठेवून ती पूर्णपणे डोंगरात कापलेल्या पक्क्या जमिनीवर बसवली आहे. कापलेली माती बाहेरच्या कडेला टाकून तिच्यावर अर्धी वाट उभी करण्याचा मोह टाळला, कारण भरावाची ती कड पहिल्या पावसात खचते. काढलेली माती घमेल्यांनी खूप खाली नेऊन पसरली. वाटेला दरीच्या बाजूने पाच टक्के कल दिला, म्हणजे ९० सेंटिमीटरमागे साडेचार सेंटिमीटर. डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. पाण्याला मात्र तो पुरतो.

मधल्या टप्प्यावर एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, वाट ओलांडतो. आत्ता तो कोरडा आहे, पण काठाच्या दगडांवरची रेघ पाहिली की पावसाळ्यात किती पाणी येत असेल ते समजते. तिथे चिरे बसवण्यासाठी वाडीतले एक जुने गवंडी आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबांनी आधी दगडांकडे पाहिलेच नाही. पऱ्याच्या पात्रात उतरून ते वरच्या अंगाला बरेच चालून गेले, एका ठिकाणी उकिडवे बसून त्यांनी हाताने पाचोळा बाजूला केला आणि जुन्या वाहाची दुसरी रेघ दाखवली. पाणी वाढले की ते पात्र सोडून डावीकडे फाकते, म्हणून फरसबंदी आम्ही ठरवली होती त्याच्या दुप्पट लांब करावी लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. तसेच केले.

चिरे आडवे अंथरले तर पाणी त्यांच्या पोटाखाली शिरून ते उचलते. आबांनी प्रत्येक चिरा उभा, लांब बाजू जमिनीत, दोन तृतीयांश गाडून बसवला. पहिली रांग पऱ्याच्या खालच्या अंगाला, सर्वांत मोठ्या दगडांची. बाकीच्या रांगा तिला टेकून वरच्या दिशेने. प्रत्येक दगड बसला की पहारीच्या बोथट टोकाने दोन्ही बाजूंना खडे ठासायचे आणि मग वर उभे राहून टाचेने हलवून पाहायचे. हलला तर काढायचा. सिमेंट कुठेही नाही. जांभा खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागेल तसा टणक होत जातो, म्हणून नवे चिरे न आणता एका पडक्या गडग्याचे (दगड रचून केलेल्या कुंपणाचे) जुने चिरे मालकांना विचारून घेतले. कित्येक पावसाळे खाल्लेल्या दगडाची खात्री वेगळीच असते.

“भाऊ, पाणी येऊ दे, पण इथं थांबायला नको,” एवढे बोलून आबा चहाला बसले.

९ फेब्रुवारी २०२५

आंब्याला मोहोर आहे. वाटेचा खालचा पाव भाग कलमबागांच्या गडग्याला लागून जातो आणि तुडतुडे व भुरी यांसाठी फवारण्या चालू आहेत, म्हणून फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरच्या दिवशी तो भाग बंद ठेवायचा असे बागायतदारांशी बोलून ठरवले. बेड्याला, म्हणजे गडग्यातल्या फाटकाला, लाल फडके बांधलेले दिसले की परत फिरायचे.

सड्यावरचे गवत आता पूर्ण वाळले आहे. वणव्याच्या भीतीने वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर गवत कोयत्याने कापून घेतले. कापलेले गवत आंब्याच्या पेट्यांत घालायला उपयोगी पडते म्हणून वाडीतल्या लोकांनीच ते उचलले. त्यामुळे वाट वणवा अडवणाऱ्या जाळपट्ट्याचेही काम करते आहे, ही गोष्ट गावाला आमच्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा अधिक पटली.

टायरांची परीक्षा या महिन्यात झाली. करवंदीचे आणि घायपाताचे काटे पाडतात ती भोके ट्यूबलेस टायरमधले सीलंट (आत ओतलेला चिकट द्रव) सहज बुजवते. स्वाराला पंक्चर झाल्याचे कळतही नाही. जांभ्याच्या तुटलेल्या कडा हे खरे संकट आहे. कडा टायरच्या बाजूला, जिथे रबर पातळ असते तिथे, सुरीसारखी चीर पाडतात आणि एवढी मोठी चीर सीलंटने बुजत नाही. चिकट प्लगने चीर तात्पुरती बुजते. पुढच्या वेळी मागच्या चाकाला जाड बाजूचा टायर घ्यायचा, वजन वाढले तरी चालेल. सीलंटही इथल्या उष्णतेत लवकर सुकते. झाकणावर लिहिलेल्या मुदतीवर न विसंबता दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून, आत बारीक काडी घालून, ती ओली निघते का ते पाहायचे. कोरडी निघाली तर टायरमागे ८० मिलिलिटर नवे.

१६ मार्च २०२५

वाट पूर्ण लांबीने जोडली गेली. आता रोज कोणी ना कोणी फिरते आहे आणि वापरातून झीज दिसू लागली आहे.

जांभ्याची लाल धूळ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण. त्यांचा आणि चेनच्या तेलाचा लेप झाला की तो दात घासत राहतो. या महिन्यात चेन मोजल्या. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. त्यांत एक सोळांश इंच वाढ झाली की चेन अर्धा टक्का झिजली असे समजायचे. अकरा आणि बारा गिअरच्या चेन इथेच बदलाव्यात. नऊ-दहा गिअरच्या सायकलीत पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) वाचते, आणि कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

कोरड्या महिन्यांत आम्ही मेण दिलेली चेन वापरतो. चेन आधी पूर्ण तेलविरहित करून वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची, वर काढून थंड होऊ द्यायची आणि प्रत्येक कडी हाताने वाकवून मोकळी करायची. मेणाला धूळ चिकटत नाही. पावसात मात्र मेण गंजापासून पुरेसे राखत नाही, म्हणून मेअखेर सगळ्या चेनवर ओल्या हवेचे जाडसर तेल यायला हवे. वाडीत चेनला खोबरेल लावण्याची सवय आहे आणि मुलांच्या सायकलींना ते लावताना मी पाहतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, थंडीच्या सकाळी कड्यांत घट्ट होऊन बसते आणि धूळही ओढते, हे मी प्रत्येकाला थांबवून सांगतो.

ब्रेक. उतरणीवर सात टक्के उतार असूनही काही स्वार सतत ब्रेक दाबून ठेवतात आणि पॅड तापून गुळगुळीत होतात. पॅडचे रेझिन की धातूमिश्रित, असा प्रश्न आला. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात आणि पहिल्या स्पर्शाला पकडतात. धातूमिश्रित पॅड चिखलात आणि पाण्यात जास्त टिकतात. कोरड्या दिवसांसाठी रेझिन, पावसाच्या तोंडावर धातूमिश्रित, असे ठरवले, मात्र रोटर त्या पॅडला चालणारा आहे का ते त्याच्यावर छापलेल्या सूचनेत आधी वाचायचे. नवे पॅड घातल्यावर सपाट जागेवर पंधरा-वीस वेळा मध्यम वेगातून सावकाश ब्रेक लावून ते बसवून घ्यायचे. चाक अडकू द्यायचे नाही. रोटरची जाडीही मोजली: नवा १.८ मिलिमीटर, १.५ ला बाद. एक रोटर १.६ वर आहे.

२० एप्रिल २०२५

आंबा उतरवण्याची घाई चालू असल्याने माणसे मिळत नाहीत आणि मिळावीत अशी अपेक्षाही नाही. फक्त पाणी बाहेर सोडण्याच्या सगळ्या तोंडांतला पाचोळा काढला.

२८ मे २०२५

पाऊस आला. २५ मे रोजी मॉन्सून देवगडपर्यंत पोचल्याचे भारतीय हवामानशास्त्र विभागाने जाहीर केले. एरवी तो आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याच्या आधीपासूनच वळिवाने झोडपले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवलेली कामे, म्हणजे मोकळ्या मातीवर गवताचे आच्छादन घालणे आणि वळणांच्या कडा ठोकून घेणे, अर्धीच झाली होती, आणि म्हणून या पावसात वाट कशी वागते ते पाहणे जास्तच महत्त्वाचे ठरले.

छत्री आणि फावडे घेऊन पाऊस चालू असतानाच वाटेवरून चालत गेलो. वाट बांधणाऱ्याने हे करायलाच हवे. पाऊस थांबल्यावर जे दिसते ते केवळ परिणाम असतात. बहुतेक ठिकाणी पाणी वाटेवर पातळ चादरीसारखे येऊन कलावरून खाली गेले. आबांची फरसबंदी घट्ट आहे, आणि त्यांनी दाखवलेल्या डाव्या रेघेवरूनच पाण्याचा एक पदर वाहत होता. दुसऱ्या वळणाखालच्या खोलगट जागेत मात्र सड्यावरून अपेक्षेपेक्षा जास्त पाणी उतरले, गाळाने तोंड भरले आणि पाणी वाटेवरून सुमारे सहा मीटर धावले. तेवढ्यात बोटभर खोल चर पडला. तिथेच उभे राहून तोंड दीडपट रुंद केले, खोली एक वीत वाढवली आणि बाहेरच्या कडेला तीन मोठे चिरे उतरते बसवले, म्हणजे पाणी खाली पडताना माती खणणार नाही. अर्ध्या तासात चरातले पाणी आटले.

त्या जागी कातळाचा थर संपून खालची मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती उघडी पडली आहे. कोकणात जांभ्याच्या भागात दरडी सरकतात त्या अनेकदा याच थरावरून, म्हणून तिथे कापलेल्या बाजूचा उतार अधिक सौम्य करून घ्यायचे काम ऑक्टोबरसाठी लिहून ठेवले आहे.

आजपासून वाट सायकलींसाठी बंद. ओल्या मातीवर एक चाक गेले तरी त्याची रेघ पन्हळ बनते. बंदीचा फलक ग्रामपंचायतीच्या नावाने दोन्ही टोकांना लावला.

१३ जुलै २०२५

पडवीत बाक मांडून सायकली एकेक करून उघडतो आहोत.

फोर्कच्या खालच्या पायांची सफाई काही कंपन्या ५० तासांनी सांगतात, काही १२५ तासांनी किंवा वर्षाने. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर फिरवलेल्या सायकलींसाठी आम्ही कमी मुदतच धरली. आधी हवा पूर्ण सोडली. तळाचे दोन्ही बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्यांच्यावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकले, की आतली दांडी सुटल्याचा जाड आवाज येतो. बोल्ट काढून खाली भांडे धरले. डाव्या पायातून मधाच्या रंगाचे स्वच्छ तेल आले. उजव्यातून आले ते गढूळ, चहात दूध टाकल्यासारखे, म्हणजे तेलात पाणी मिसळले होते. पाय खाली ओढून काढल्यावर धूळरोधक रबराच्या आतले स्पंजचे कडे चिमट्याने काढले. बोटांत दाबल्यावर त्यातून आधी लालसर पाणी आणि मग तेल निघाले. चकचकीत नळीवर, नेमक्या त्या कड्याच्या उंचीवर, तांबूस रेघ होती. ती कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली गेली, नखाला खरखर लागली नाही. आणखी एक पावसाळा गेला असता तर नळीवरचा मुलामा उडाला असता आणि तो दुरुस्त होत नाही. नवे स्पंज तेलात भिजवून बसवले, रबराच्या ओठाला ग्रीस लावले, पत्रकात दिलेल्या मापाचे तेल सिरिंजने भरले आणि बोल्ट सांगितलेल्या टॉर्कला आवळले.

बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो त्या भागाच्या) कवचात पाणी सीटपोस्टच्या बाजूने उतरून साचते. फ्रेमच्या तळाला पाणी जाण्याचे भोक असते. एका सायकलीचे भोक चिखलाने बुजले होते. ते तारेने मोकळे केल्याबरोबर तांबडे पाणी गळाले. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला काम सुरू करण्यापूर्वी सांगावी लागते, नाहीतर जोर लावून आटे खराब होतात. पुढच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बेअरिंगचा नंबर ६९०२, म्हणजे आत १५, बाहेर २८, रुंदी ७ मिलिमीटर. नंबरापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण. असे बेअरिंग सायकलच्या दुकानात मिळाले नाही तरी पंप-मोटारींच्या बेअरिंगच्या दुकानात मिळू शकते.

ब्रेकच्या तेलाबाबत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट नाही, डॉटच्या ब्रेकमध्ये खनिज तेल नाही. डॉट हा ब्रेकच्या तेलाचा दुसरा प्रकार. चुकीच्या तेलाने आतली रबरे फुगतात आणि पूर्ण ब्रेक जातो. डॉट तेल हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, डॉट ५.१ साठी कोरड्या तेलाची किमान मर्यादा २६० अंश सेल्सिअस आणि ओल धरलेल्या तेलाची १८०. कोकणातल्या हवेत उघडी बाटली ठेवणे म्हणजे तेल वाया घालवणे, म्हणून लहान बाटल्याच घ्यायच्या आणि उरलेले पुन्हा वापरायचे नाही. खनिज तेल ओल शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी तसेच वेगळे राहून सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, उतरते, आणि ब्रेक सर्वांत तापतो तो तिथेच. दोन्ही प्रकारांचे तेल आम्ही वर्षातून एकदा, पावसाळ्यात, बदलतो.

धुण्यासाठी दाबाच्या पाण्याचा फवारा बंद केला आहे. बादली, मऊ ब्रश, गोडे पाणी. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, सायकल नेलीच असेल तर त्याच दिवशी, मीठ वाळण्यापूर्वी, धुवायची. माझे मत विचाराल तर पुळणीवर नेऊच नये.

७ सप्टेंबर २०२५

सड्यावर सोनकी आणि तेरडा फुलला आहे, गणपतीला आलेली मंडळी पाहायला वर येत आहेत. वाटेवरचे चिरे शेवाळले आहेत. सावलीतल्या शेवाळावर कोणताही टायर धरत नाही, टायर कितीही मऊ रबराचा असो, म्हणून वाट उघडण्याची घाई करणार नाही. ज्या तीन ठिकाणी शेवाळ सर्वांत दाट आहे, तिथे वरच्या फांद्या मालकांना विचारून छाटायच्या म्हणजे दुपारचे ऊन खाली पोचेल.

२६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी झाली तरी पाऊस पुरता गेलेला नाही. मातीची मूठ दाबून पाहिली. गोळा अजून बोटांना चिकटतो. वाट आणखी बंद राहील.

दुरुस्ती मात्र सुरू केली. चार महिन्यांत बाहेरच्या कडेला गवताची आणि गाळाची एक बारीक वरंबी तयार झाली आहे. ती तशीच ठेवली तर पाणी कलावरून बाहेर न जाता वाटेवरच अडते, म्हणून पूर्ण लांबीची कड फावड्याने कापून सरळ केली. चिकणमातीच्या जागी कापलेली बाजू मागे घेऊन सौम्य केली आणि तिथे वाळ्याची रोपे लावली. फरसबंदीतला एकही चिरा हललेला नाही. आबांना टाचेने तपासायला बोलावले होते; त्यांनी दोन ठिकाणी नवे खडे ठासून घेतले.

सायकलींपैकी ज्या सायकलीच्या उजव्या पायात पाणी होते तिचा फोर्क पुन्हा उघडला; तेल स्वच्छ निघाले. १.६ मिलिमीटरवरचा रोटर आता १.५ वर आला आहे, तो बदलला. बागायतदारांबरोबरची बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे आणि तीत या हंगामाच्या फवारण्यांचे दिवस कळवण्याची पद्धत ठरवायची आहे: लाल फडके राहीलच, त्याशिवाय सड्याच्या माथ्यावर, जिथून उतरण सुरू होते तिथे, एक पाटी हवी, म्हणजे खाली बेड्यापर्यंत येऊन परत चढण्याची वेळ कोणावर येणार नाही.